फ्लायसाठी पिसं आणि केस: गोळा करण्यापासून डब्यात ठेवेपर्यंत

फ्लाय म्हणजे मासे पकडायला हुकावर पिसं आणि केस बांधून केलेला नकली किडा. त्यासाठी लागणारी बहुतेक पिसं आणि केस दुसऱ्या कुणाच्या तरी लेखी कचराच असतो. कोंबड्या पाळणारा पिसं फेकून देतो, परवान्याने हरणाची शिकार करणारा शेपटी तिथेच टाकतो, ससे पाळणाऱ्याकडे कातड्या पडून असतात. त्यामुळे माल मिळवणं सोपं आहे, अवघड आहे ते टिकवणं. घरी तयार केलेला माल वाया जातो तो चरबी, ओल आणि कसर या तिघांपायी, आणि त्यातही चरबीपायी सर्वांत जास्त. चरबी राहिली की ओल सुटत नाही, ओल राहिली की कातडं कुजतं, आणि असं कातडं कसरीला आयतंच मिळतं. पुढची सगळी खटपट या तिघांना हाकलण्यासाठीच आहे.

नव्याने सुरू करताना एक क्रम ठेवा. आधी सुटी पिसं, मग शेपट्या, आणि हात बसल्यावर कातडीसकट मान किंवा अख्खी कातडी. पहिल्याच दिवशी अख्खा पक्षी सोलायला घेणारे बहुतेक जण दुसरा घेत नाहीत.

आधी कायदा

पीस जमिनीवर पडलेलं सापडलं म्हणजे ते आपलं झालं, असं नाही. अमेरिकेत १९१८ च्या स्थलांतरित पक्षी करार कायद्याने बहुतेक देशी रानपक्ष्यांची पिसं नुसती जवळ बाळगणंही बेकायदा आहे, मग ते पीस आपोआप गळालेलं का असेना. रीतसर शिकार केलेल्या बदकांची आणि राजहंसांची (गूस) पिसं फ्लायसाठी वापरायला मात्र तिथे मुभा आहे. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, म्हणून तुम्ही राहता तिथला वन्यजीव कायदा आधी वाचा. माल सरहद्द ओलांडणार असेल तर धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा, १९७५ पासून लागू असलेला साइट्स करारही पाहावा लागतो. पाळीव कोंबडा, टर्की, बदक, राजहंस, गिनी फाउल आणि ससा यांच्याबाबत सहसा अडचण येत नाही. कायद्याने आणि सोयीने, दोन्ही अर्थांनी, नवशिक्याने यांच्यापासूनच सुरुवात करावी.

सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या जुन्या रंगीबेरंगी फ्लायमधल्या दुर्मीळ पिसांच्या मोहात पडू नका. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातून २९९ पक्ष्यांच्या कातड्या चोरीला गेल्या, त्या याच हौसेपायी. त्या जुन्या नमुन्यांमध्ये लागणारी रंगीत पिसं टर्की किंवा राजहंसाचं पीस रंगवून बदली म्हणून वापरता येतात, आणि माशाला त्यातला फरक कळत नाही.

पेंढा भरलेले जुने पक्षी किंवा प्राण्यांची मुंडकी स्वस्तात मिळाली तरी त्यांची पिसं उपटू नका. कसर लागू नये म्हणून अशा कातड्यांना पूर्वी सोमल, म्हणजे आर्सेनिक, चोळत असत. ते वर्षानुवर्षं तिथेच राहतं आणि पीस झाडलं की धुळीबरोबर नाकात जातं.

हात सांभाळा

मेलेला सापडलेला रानपक्षी उचलू नका. बर्ड फ्लूच्या साथी आता वारंवार येतात आणि पक्षी कशाने मेला हे नुसतं बघून समजत नाही. सशाच्या ताज्या कातडीतून तुलारेमिया या रोगाचा जंतू हातावरच्या बारीकशा खरचटीतूनही शिरू शकतो. ताजं कातडं हाताळताना रबरी हातमोजे हवेतच, आणि वाळलेली पिसं झाडताना तोंडावर मास्क हवा. पाट, सुरी आणि भांडी स्वयंपाकघरातली नसावीत. या कामासाठी वेगळा संच ठेवा आणि त्यावर खूण करा.

काय घ्यावं, काय सोडावं

कोंबड्याच्या अंगावर एकाच प्रकारचं पीस नसतं. मानेवरची पिसं म्हणजे नेक हॅकल. ही डोक्याकडे लहान आणि खांद्यांकडे मोठी होत जातात, त्यामुळे एका मानेत अनेक मापाच्या हुकांची सोय होते. कमरेवरून दोन्ही बाजूंना लोंबणारी लांब पिसं म्हणजे सॅडल. शेपटीच्या बुडाशी असलेली रुंद, मऊ पिसं म्हणजे श्लॅपन. साध्या कोंबड्याकडून एक अपेक्षा ठेवू नका, ती म्हणजे ड्राय फ्लायचं ताठ हॅकल (हुकाभोवती गुंडाळायचं पीस). पाण्यावर तरंगणाऱ्या फ्लायला ताठ, चकचकीत, गाभ्याशी कमी लव असलेलं पीस लागतं, आणि ते खास त्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून वाढवलेल्या जातींवर येतं. मांसासाठी वाढवलेला पक्षी तर इतका कोवळा असतो की त्याचं पीस पुरतं भरलेलंही नसतं. साध्या वयस्क कोंबड्याचं पीस वेट फ्लाय (पाण्याखाली बुडणारी), स्ट्रीमर (छोट्या माशासारखी दिसणारी) आणि वूली बगर नावाच्या स्ट्रीमरला उत्तम चालतं.

पीस उजेडाकडे धरून बघा. दांड्यालगत बुडाकडे एक मळकट, अपारदर्शक त्रिकोण दिसेल. त्या भागातले तंतू एकमेकांत अडकलेले असतात आणि पाणी धरतात. त्रिकोण जितका लहान, तितकं पीस ड्राय फ्लायच्या जवळ. दांड्याचं बूडही पाहा. ते निळसर-काळं, फुगीर आणि ओलं असेल तर पीस अजून वाढतंय. असं पीस वाळल्यावर बुडाशी आक्रसतं आणि दोरा आवळताच तुटतं. पिसं झडण्याच्या हंगामातला पक्षी म्हणूनच टाळावा.

बदकाच्या कुशीतली रेघारेघांची पिसं फ्लायच्या पंखांसाठी कामाची. शेपटीच्या वरच्या अंगाला तेलग्रंथीभोवती जी लहान, भुरभुरीत पिसं असतात ती सीडीसी. एका बदकावर ती थोडीच मिळतात, तेव्हा कोरडी असतानाच चिमटीने उपटून वेगळ्या पाकिटात टाका. टर्कीच्या अंगावरची मऊ, पाण्यात हेलकावणारी पिसं मॅराबू म्हणून विकली जातात. हे नाव मूळ मॅराबू करकोच्याचं, माल आता टर्कीचा. फेझंट या पक्ष्याच्या शेपटीतलं एक पीस बरेच दिवस पुरतं. फ्रँक सॉयर यांच्या फेझंट टेल निम्फला (पाण्याखालच्या किड्याच्या पिल्लासारखी फ्लाय) त्या पिसाचे मोजके तंतू आणि बारीक तांब्याची तार लागते, वेगळा दोराही लागत नाही.

केसाळ मालात हंगाम महत्त्वाचा. हिवाळी कातडीत वरचे राठ केस लांब असतात आणि खाली दाट लव असते. वसंतात तीच कातडी गळायला लागते. हरणाच्या अंगावरच्या केसांत हवेच्या पोकळ्या असतात, म्हणून दोरा आवळला की ते फुलून उभे राहतात आणि फ्लाय तरंगते. शेपटीच्या केसांचं तसं नाही. ते टोकाकडे भरीव असतात आणि बुडाकडचा भागच थोडासा फुलतो. म्हणून शेपटी स्ट्रीमरच्या पंखांसाठी आणि अंगावरचे केस डोकं किंवा शरीर वळण्यासाठी. एकाच्या जागी दुसरं वापरलं की फ्लाय बिघडते आणि दोष उगाच हाताला लागतो.

सुटी पिसं धुणं

रक्त लागलेलं असेल तर आधी थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. मग चार लिटर कोमट पाण्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा एक चमचा घालून पिसं वीस ते तीस मिनिटं बुडवून ठेवा. चोळू नका, तळव्याने खाली दाबा आणि सोडा. फेस येईनासा होईपर्यंत दोन-तीन पाणी बदला, कारण साबण राहिला तर पीस पाणी शोषतं आणि पुढे रंगही डागाळतो. पाणी पिळू नका. पिसं टॉवेलवर पसरून वरून दुसरा टॉवेल दाबा.

वाळवताना सावली हवी आणि वारा हवा. उन्हात रंग उतरतो आणि तंतू ठिसूळ होतात. घाई असेल तर पिसं सुती उशीच्या अभ्र्यात भरून तोंड बांधा आणि हेअर ड्रायरची मंद हवा आत सोडत अभ्रा हलवत राहा. मॅराबूसारखी पिसं यानेच पुन्हा फुलतात. सीडीसी शक्यतो धुऊच नये. धुवावंच लागलं तर घाबरायचं कारण नाही, कारण ते तरंगतं ते निव्वळ तेलाने नव्हे, तंतूंच्या बारीक रचनेत हवा अडकते म्हणूनही.

चुरगळलेलं किंवा वाकलेलं पीस फेकू नका. किटलीच्या वाफेवर चिमट्याने दहा-वीस सेकंद धरा आणि बोटांतून हळूच ओढा. मोरपीस, मॅराबू आणि शेपटीची पिसं अशी डोळ्यांदेखत सरळ होतात.

पंख

पंख सांध्यापाशी कापून घ्या. खालच्या अंगाने हाडालगत चीर द्या, दिसेल तेवढं मांस काढा आणि त्या फटीत टाकणखार, म्हणजे बोरॅक्स, दाबून भरा. पंख उघडून पुठ्ठ्यावर टाचण्यांनी ताणा आणि दोन-तीन आठवडे ठेवा. डावा आणि उजवा पंख जोडीनेच ठेवा. वेट फ्लायचे पंख एकमेकांसमोर बसायला डाव्या पंखातली एक पट्टी आणि उजव्यातली तशीच दुसरी लागते. एका बाजूचा पंख हरवला तर दुसरा निम्म्या कामाचाच राहतो.

राजहंसाच्या पंखातल्या पहिल्या मोठ्या पिसाच्या अरुंद कडेला जे आखूड, ताठ काटे असतात ते बायट. ते एकेक ओढून काढा. गुंडाळण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवले नाहीत तर तडकतात.

शेपटी

हरणाची शेपटी हा शिकायला सगळ्यात चांगला माल. चुका दिसतात आणि सुधारता येतात.

१. शेपटी उलटी ठेवा आणि खालच्या पांढऱ्या बाजूने बुडापासून टोकापर्यंत मधोमध चीर द्या. सुरी कातडीच्या आतून बाहेर चालवा, म्हणजे केस कापले जात नाहीत.

२. बुडाकडचं हाड मोकळं करा, फडक्याने घट्ट धरा आणि ओढून काढा. टोकाशी अडलं तर तिथे पुन्हा थोडी चीर द्या. टोकाचं हाड आत ठेवून दिलं की नेमकं तिथेच कुजतं आणि शेपटीचे सर्वांत लांब केस आधी सुटतात.

३. आतली बाजू बोथट सुरीने किंवा चमच्याच्या कडेने खरवडा. सगळी चरबी निघाल्यावर कातडं निळसर-पांढरं दिसतं. पिवळट, चिकट ठिपके म्हणजे चरबी राहिली. या पायरीला वीस मिनिटं लागतात आणि बहुतेक जण पाचच देतात.

४. साबणाच्या कोमट पाण्यात धुवा, खळखळून काढा आणि टॉवेलने टिपा.

५. कातडीच्या बाजूला साधारण अर्धी वाटी टाकणखार चोळा. कडांखाली आणि घड्यांमध्येही पोचला पाहिजे.

६. पुठ्ठ्यावर केस खाली आणि कातडी वर अशी टाचा. दुसऱ्या दिवशी ओला झालेला थर झटकून नवा लावा. दोन-तीन आठवड्यांत कातडं वाळून पुठ्ठ्यासारखं कडक झालं की झालं.

टाकणखाराऐवजी मीठ चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. चालतं, आणि ताज्या कातडीतलं पाणी मीठ भराभर ओढतं. पण खारवलेलं कातडं दमट हवेत पुन्हा सादळतं, आणि केसांत राहिलेल्या मिठाने हूक गंजतात. म्हणून पहिले दोन दिवस मीठ लावून ते धुऊन काढावं आणि नंतर टाकणखार लावावा, किंवा सरळ टाकणखारच वापरावा. तो कसरीलाही दूर ठेवतो. मात्र ती खायची वस्तू नाही, तेव्हा भुकटी उडवू नका आणि मुलांच्या व पाळीव जनावरांच्या हाती लागू देऊ नका.

कातडं बिघडलंय का हे पाहायची खूण सोपी आहे. चार-पाच केस चिमटीत धरून ओढा. केसांबरोबर कातडीचा पातळ पापुद्रा आला तर ते आतून कुजलंय. त्यावर इलाज नाही, टाकून द्या. नुसताच खवट वास येत असेल तर चरबी राहिली आहे. तसं कातडं पुन्हा भिजवून खरवडता येतं.

खारीच्या शेपटीलाही हीच पद्धत, फक्त चीर लहान ठेवायची आणि हाड दोन काड्यांच्या चिमटीत धरून ओढायचं.

मान कातडीसकट

कोंबड्याच्या डोक्याच्या मागून दोन्ही खांद्यांच्या मधोमध उतरणारा त्रिकोण कापायचा असतो. पिसं बाजूला सारून कातडीवरच सुरी चालवा. कोंबड्याचं कातडं ओल्या कागदाइतकं नाजूक असतं, म्हणून इथे सुरीने खरवडू नका. चरबीचे पुंजके बोटांनी आणि बोथट कात्रीने उचला, मग साबणाच्या पाण्यात दोनदा धुवा. टाकणखार लावून पुठ्ठ्यावर कातडी वर करून टाचा आणि कडा बाहेर ताणा. ताणलं नाही तर वाळताना कातडं गुंडाळतं आणि कडेची पिसं आत अडकतात. आठवडा-दोन आठवडे पुरतात. चरबी चोपडी राहिली तर काही महिन्यांत ती पिवळी पडते, आम्ल तयार होतं आणि कातडं हातात चुरा होऊन येतं.

बदकाच्या कातडीच्या वाट्याला नवशिक्याने जाऊ नये. तिच्यातली चरबी संपता संपत नाही. त्याची पिसं उपटून प्रकारानुसार पाकिटांत भरा.

गोठवणं: ही पायरी सोडू नका

बाहेरून आलेला कुठलाही माल, विकत घेतलेला असो वा भेट मिळालेला, आधीच्या मालात थेट मिसळू नका. कसरीची अळी पिसातलं आणि केसातलं केराटिन खाते, आणि एका पाकिटातून सगळ्या डब्यात पसरायला तिला फार दिवस लागत नाहीत. पुरता वाळलेला माल हवाबंद पिशवीत घालून उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. मग बाहेर काढून एक-दोन दिवस पिशवी न उघडता राहू द्या आणि पुन्हा आठवडाभर गोठवा. पहिल्या थंडीतून निभावलेली अंडी मधल्या उबेत फुटतात आणि दुसऱ्या थंडीत मरतात. पिशवी खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडायची नाही, नाहीतर हवेतली वाफ थेट पिसांवर जमते. ओला माल गोठवून काही साधत नाही. बाहेर काढला की तो पुन्हा तिथूनच कुजायला लागतो.

डांबरगोळ्या किंवा पॅराडायक्लोरोबेंझीनच्या वड्या वापरणार असाल तर दोन्ही एकत्र ठेवू नका. एकमेकींच्या संगतीने त्या पातळ होऊन मालावर डाग पाडतात. वड्यांनी काही प्लॅस्टिकचे डबेही विरघळतात. गोठवलेला माल घट्ट झाकणाच्या डब्यात असेल तर त्यांची गरजही पडत नाही.

केसांपासून डबिंग

डबिंग म्हणजे दोऱ्यावर वळून फ्लायचं अंग करायचं केसांचं मिश्रण. सशाच्या तोंडाच्या कातडीवर, म्हणजे हेअर्स मास्कवर, पाच-सहा प्रकारचे केस मिळतात. कानांवरचे आखूड आणि काटेरी, गालांवरचे मऊ, कपाळावरचे ठिपकेदार. कानाचे केस ब्लेडने खरवडा, बाकीचे कातडीलगत कापा. कापलेला झुबका टोकांकडून चिमटीत धरून बुडाकडे बारीक फणी फिरवली की लव फणीत येते आणि राठ केस हातात राहतात.

लव दोन वाटे आणि राठ केस एक वाटा हे चांगलं प्रमाण आहे. काटे जास्त झाले तर डबिंग दोऱ्यावर वळत नाही, लव जास्त झाली तर अंग गुळगुळीत आणि निर्जीव दिसतं. मिसळायला झाकणाच्या बरणीत अर्धी बरणी कोमट पाणी आणि साबणाचा एक थेंब घ्या, केस टाका आणि मिनिटभर हलवा. गाळणीत ओता, कागदात दाबा, दिवसभर वाळवा आणि बोटांनी पिंजा. गरम पाण्यात जास्त वेळ हलवलंत तर सशाच्या लवेचा नमदा बनतो, आणि तो पुन्हा सुटत नाही. कॉफी ग्राइंडर वापरायचा असेल तर केस आधी दोन सेंटिमीटरचे कापा आणि दोन-दोन सेकंदांचे झटके द्या. लांब केस पात्याच्या दांड्याला गुंडाळतात आणि मोटर जळते.

रंगवणं

पीस आणि केस प्रथिनाचे असतात, म्हणून त्यांना लोकर-रेशमाचे ॲसिड रंग लागतात. सुती कापडाचे रंग नीट बसत नाहीत. माल धुतलेला आणि निदान तासभर भिजवलेला हवा. कोरडा टाकला की ठिकठिकाणी पांढरा राहतो. दहा ग्रॅम मालाला दोन लिटर पाणी आणि पाव चमचा रंग घ्या. हवी ती छटा जवळ आली की माल बाहेर काढून पाण्यात ६० मिली पांढरा व्हिनेगर मिसळा आणि माल परत सोडा. ओला रंग नेहमी गडद दिसतो, तेव्हा हवी त्याहून एक छटा पुढे जाऊ द्या.

सुट्या पिसांना ६० ते ७० अंश चालतात. कातडीसकट माल मात्र ५० अंशांच्या वर नेऊ नका. ६० च्या आसपास कातडीतलं कोलॅजन आक्रसतं आणि सुंदर वाळवलेली मान मुठीएवढी गोळा होते. घरात ब्लीच असेल तर ते व्हिनेगरपासून लांब ठेवा. दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो. मोरपिसाच्या डोळ्यालगतचा तंतू सोलून दांडा उघडा करायला ब्लीच लागतही नाही. तंतू टेबलावर धरून पेन्सिलचा खोडरबर एकाच दिशेने फिरवला की लव निघते आणि खाली दोन छटांची रेघ दिसते. जुन्या कृतींमध्ये पिवळ्या रंगासाठी पिक्रिक ॲसिड सांगितलेलं आढळेल. वाळलं की ते स्फोटक होतं, त्याच्या नादी लागू नका.

माप आणि साठवण

पीस वाकवून तंतू उभे करा आणि हुकाच्या तोंडाच्या रुंदीशी जुळवा. ड्राय फ्लायला तंतू त्या रुंदीच्या दीड ते दोन पट हवेत. १२, १४ आणि १६ क्रमांकाच्या हुकांसाठी वेगळी पाकिटं करा. हे काम एका बैठकीत उरकलं की बांधायला बसल्यावर शोधाशोध होत नाही. पाकिटावर पक्षी, अंगाचा भाग, रंग आणि गोठवल्याची तारीख लिहा.

डबा अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा. तळाशी वाळूसारखी बारीक भुकटी, रिकाम्या केसाळ कात, किंवा मधूनच करवतल्यासारखे तुटलेले तंतू दिसले तर कसर आत आहे. फक्त ते पाकीट काढून भागत नाही. अख्खा डबा पिशवीत घालून वरच्या पद्धतीने दोनदा गोठवा. रिकामा डबा आणि कपाटाच्या फटी व्हॅक्यूमने साफ करा, आणि त्यातला कचरा लगेच घराबाहेर टाका.